जेवणाऱ्या बालकाचे मन कोठे असते?

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानयोगाचे निरूपण चालू असता भगवंत अगदी घरगुती वाटणाऱ्या काही गोष्टींकडे वळतात. आसन कसे असावे, दृष्टी कोठे स्थिर करावी, मन कसे आवरावे हे सांगून झाल्यावर ते जेवण, हिंडणेफिरणे, कामधाम आणि झोप यांविषयी बोलू लागतात. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, तसाच मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला साधत नाही, तसाच सदैव जागणाऱ्यालाही साधत नाही, असा त्या अध्यायातील सोळाव्या श्लोकाचा आशय आहे, आणि या सर्व गोष्टी युक्त प्रमाणात असाव्या असे सतरावा श्लोक सांगतो. श्रीशंकराचार्यांनी तेथे 'आहार' म्हणजे अन्न आणि 'विहार' म्हणजे पायांनी चालणे, असा सरळ अर्थ केला आहे. बहुतेक वाचक हा उपदेश योग्यासाठी आहे असे समजून पुढे जातात. परंतु आज वजन वाढलेल्या एखाद्या मुलाला बालरोगतज्ज्ञाकडे नेले, तर तेथे विचारले जाणारे प्रश्न हेच असतात. मूल काय व किती खाते, किती हिंडते, दिवसभर काय करते आणि रात्री किती झोपते? अलीकडे त्यांत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. ते मोबाइल आणि टीव्ही यांच्यापुढे किती वेळ बसते?

हा शेवटचा प्रश्न आला की आईवडिलांची मान थोडी खाली जाते आणि ते मुलाकडे पाहू लागतात. 'ऐकतच नाही हो,' असे उत्तर येते. या एका उत्तरात एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे. संयमाचा उपदेश ज्याला करावयाचा त्याच्या ठिकाणी विवेक असावा लागतो. चार वर्षांच्या बालकाचा विवेक अजून घडावयाचा असतो. मग पडद्यापुढे बसून त्याचे शरीर वाढले, तर तो असंयम कोणाचा म्हणावा? बालकाचा, त्याच्या हाती मोबाइल देणाऱ्याचा, की ज्या काळात हे सारे घडते त्या काळाचा? गृहस्थाश्रमी माणसाने या प्रश्नाचे उत्तर टाळणे योग्य नाही, कारण उत्तरावरच पुढचे आचरण अवलंबून असते.

प्रथम वस्तुस्थिती काय आहे ते पाहावे. जगभरातील वजन-उंचीच्या मापनांचा एक मोठा अभ्यास २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतातील ५ ते १९ वर्षे वयाच्या लठ्ठ मुलामुलींची संख्या १९९० मध्ये सुमारे ४ लाख होती. २०२२ मध्ये ती सुमारे १ कोटी २५ लाख झाली. पाच वर्षांखालील बालकांत उंचीच्या मानाने अधिक वजन असलेल्यांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, शेकडा २.१ होते, २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ते ३.४ झाले. त्याच पाचव्या फेरीत वयाच्या मानाने उंची खुंटलेली बालके शेकडा ३५.५ आढळली, हेही विसरता कामा नये. अति खाणारा आणि खावयास न मिळणारा असे दोघेही एकाच देशात, पुष्कळदा एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना राहतात. गीतेने दोन्ही टोके एकाच श्लोकात का ठेवली, हे अशा वेळी उमगते.

शहाजीराजांच्या जहागिरीपासून मराठी माणसाच्या परिचयाच्या असलेल्या बंगळुरू नगरीत या प्रश्नाचा शोध बराच आधी सुरू झाला होता. तेथील सेंट जॉन्स या वैद्यकीय संस्थेतील संशोधकांनी शहरी व निमशहरी भागांतील ६ ते १६ वर्षे वयाच्या मुलांचा अभ्यास करून २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. टीव्हीपुढे जाणारा अधिक वेळ आणि कमी झोप या दोहोंचा मुलांच्या अधिक वजनाशी संबंध त्यांना आढळला. तेव्हा मोबाइल लहान मुलाच्या हाती आलेला नव्हता. घरात एक टीव्ही असे आणि तो दिवाणखान्यातून हलत नसे. आज पडदा मुलाबरोबर जेवणाच्या टेबलापाशी, गाडीत आणि अंथरुणातही जातो. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरते असे मात्र नव्हे. मूल जाड आहे म्हणून मैदानावर जाण्यास लाजते आणि मग पडद्यापुढे बसते, असेही घडू शकते. यास्तव कार्यकारणभाव जरा खोलवर तपासला पाहिजे.

सर्वसाधारण समजूत अशी असते की, मूल बसून राहते, हालचाल करीत नाही, म्हणून त्याचे वजन वाढते. ही समजूत अगदीच खोटी नाही. परंतु जे प्रयोग काळजीपूर्वक झाले त्यांनी वेगळ्याच गोष्टीकडे बोट दाखविले. अमेरिकेतील सॅन होझे या गावी दोन प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला व तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी एका शाळेतील तिसरी-चौथीच्या मुलांना टीव्ही कमी पाहण्याचे धडे देण्यात आले. प्रथम दहा दिवस टीव्ही अजिबात बंद, आणि नंतर आठवड्याला सात तासांची मर्यादा, असा त्याचा क्रम होता. शाळेचे वर्ष संपता संपता या मुलांचे उंचीच्या मानाने वजन दुसऱ्या शाळेतील मुलांपेक्षा कमी वाढलेले आढळले. विशेष हे की, त्यांची धावपळ वाढल्याचे काही दिसले नाही. कमी झाली होती ती टीव्हीपुढे बसून घेतलेली जेवणे. पुढे बफेलो या गावी ४ ते ७ वर्षांच्या ७० मुलांवर दोन वर्षे असाच एक प्रयोग झाला व २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथेही वजनातील फरकाचे नाते खेळण्याबागडण्याशी जुळले नाही. ते खाण्याशी जुळले. पडदा कमी झाल्यावर मुले कमी खाऊ लागली होती.

पडदा आणि भूक यांचा हा संबंध कसा जोडला जातो? पोट भरल्याची जाणीव एकाएकी होत नाही. पोट ताणले जाते, आतड्यांतून व रक्तातून मेंदूकडे संदेश जातात, आणि काही वेळाने 'आता पुरे' असे मनाला कळते. मात्र ते कळण्यासाठी मन त्या ठिकाणी हजर असावे लागते. पडद्यात गुंतलेल्या बालकाचा हात ताटाकडे जातो किंवा आईचा हात त्याच्या तोंडाकडे जातो. घास गिळला जातो. पण खाणाऱ्याला खाल्ल्याची खबर नसते. असे लक्ष नसताना घेतलेले जेवण आठवणीतही राहत नाही, म्हणून थोड्या वेळाने पुन्हा काही चघळावेसे वाटते. त्यात भर म्हणून पडद्यावर दर थोड्या वेळाने तळलेल्या, गोड, चकचकीत वेष्टनातल्या पदार्थांचे दर्शन घडते, आणि ज्याची भूक नव्हती त्याची इच्छा उत्पन्न होते.

चरकसंहितेच्या विमानस्थानात जेवणाचे जे नियम दिले आहेत त्यांत फार घाई करू नये, फार रेंगाळू नये, बोलणे-हसणे टाळून अन्नात मन ठेवून जेवावे, असे सांगितले आहे. पुष्कळांना हा नियम केवळ शिष्टाचार वाटत असे. तो शिष्टाचार नसून पचनाचा व प्रमाणाचा नियम आहे, हे आता प्रयोगांनीही दिसून येत आहे. त्याच संहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूलतेची कारणे मोजताना अति खाणे, गोड-स्निग्ध पदार्थ आणि व्यायामाचा अभाव यांच्या बरोबरीने दिवसाची झोप व मनाला कसलाच विचार नसणे हीही सांगितली आहेत. आजचे संशोधन रात्रीची अपुरी झोप हे मुलांच्या वजनवाढीशी जोडते. वरवर पाहता येथे विरोध दिसतो. पण तो खरा विरोध नाही. चरक दिवसा झोपण्याविषयी बोलतात. आजचे मूल रात्री उशिरापर्यंत पडद्याच्या प्रकाशात जागते आणि सकाळी शाळेच्या बसमध्ये पेंगते. त्याने रात्रीचा दिवस व दिवसाची रात्र केलेली असते. अवेळी जागणाऱ्याला अवेळी भूक लागते, आणि थकलेले शरीर गोड व तळलेले मागते. गीतेने युक्त झोप आणि युक्त जागरण एका शब्दात जोडले आहे, ते या दृष्टीनेही मननीय आहे.

येथे 'आहार' या शब्दाचाच थोडा विचार करावा. छांदोग्योपनिषदाच्या सातव्या अध्यायात आहाराच्या शुद्धीने अंतःकरणाची शुद्धी होते, असे प्रतिपादन आहे. तेथे आहार म्हणजे काय, याविषयी दोन थोर आचार्यांची मते भिन्न आहेत. श्रीशंकराचार्य तेथे इंद्रियांनी आत घेतले जाणारे शब्दादी विषय असा अर्थ घेतात. श्रीरामानुजाचार्यांच्या परंपरेत तो शब्द अन्नालाच लावला जातो. विद्वान या दोन अर्थांवर शतकानुशतके चर्चा करीत आले. पडद्यापुढे जेवणारे बालक हे दोन्ही आहार एकाच वेळी घेत असते, एक तोंडाने आणि दुसरा डोळ्यांनी. डोळ्यांच्या आहाराला तृप्तीची सीमा नसते, आणि त्याच्या संगतीने तोंडाच्या आहाराचीही सीमा पुसली जाते. या विकाराचे मर्म येथे आहे.

जुन्या काळच्या सुखांना शेवट असे. कीर्तन आरतीने संपे, गोष्ट संपली की आजी दिवा मालवी, लाडवांचा डबा रिकामा होई, मैदानावरचा खेळ अंधार पडल्यावर थांबे. प्रत्येक सुखाच्या पोटी त्याची समाप्ती होती, आणि म्हणून मुलाला स्वतःहून थांबण्याची विशेष शिकवण द्यावी लागत नसे. आजचा पडदा मुद्दाम असा बनविला आहे की, एक व्हिडिओ संपण्यापूर्वीच दुसरा उभा राहतो. जे संपतच नाही ते थांबविण्याचे बळ मोठ्या माणसांनाही पुरत नाही. मग बालकाला कोठून पुरावे? दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनापासून आसक्ती, आसक्तीपासून इच्छा, इच्छेपासून क्रोध आणि पुढे बुद्धीचा नाश, अशी जी साखळी भगवंतांनी दाखविली आहे, तिचे एक लहानसे प्रात्यक्षिक पाहावयाचे असेल तर जेवणाऱ्या मुलाच्या पुढून मोबाइल काढून घेऊन पाहावा. क्रोधापर्यंतच्या सर्व पायऱ्या अर्ध्या मिनिटात दिसतात.

आता दोष कोणाचा, हे पाहू गेल्यास घाई करता येत नाही. बंगळुरूतील एखादे सामान्य मराठी घर डोळ्यांपुढे आणावे. नवराबायको दोघेही नोकरीला. कचेरीतून घरी यावयास रहदारीत तास-दीड तास मोडतो. आजी-आजोबा साताऱ्यास किंवा सोलापुरास. शेजारी निराळी भाषा बोलणारे आणि तेही तितकेच दमलेले. खाली इमारतीच्या आवारात मोटारी उभ्या, आणि त्यांच्यामधून मुलांनी चेंडू खेळावयाचा. अशा घरात रात्री साडेआठ वाजता थकलेली आई वरणभाताची वाटी घेऊन बसते. पूर्वी चिऊकाऊचे घास भरविण्यास आत्या होती, काकू होती, अंगणात खरोखरच चिमण्या होत्या. आज ते सर्व काम एकटा मोबाइल करतो, आणि दहा मिनिटांत वाटी रिकामी होते. २०२०-२१ मध्ये कोरोनाच्या साथीत शाळाच मोबाइलवर भरू लागली, तेव्हा 'हे वाईट आहे' असे सांगण्याचा मोठ्यांचा उरलासुरला अधिकारही दुबळा झाला. या आईला अपराधी ठरविणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. तिने सोय शोधली, आणि सोयीला सवय होण्यास फार दिवस लागत नाहीत.

बालकाला अपराधी ठरविणे तर त्याहूनही अन्यायाचे होय. चरकांनी स्थूलतेच्या कारणांत बीजस्वभाव, म्हणजे जन्मतःच आलेली प्रकृती, हेही एक कारण सांगितले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून असे दिसले आहे की, आपल्याकडील नवजात बालके युरोपीय बालकांपेक्षा वजनाने कमी असूनही त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते. म्हणजे वरून बारीक दिसणाऱ्या मुलालाही पुढे मधुमेहाचा धोका असू शकतो, आणि ज्या 'गुटगुटीत' बाळाचे घरोघरी कौतुक होते ते निरोगी असेलच असे नाही. जे नुसत्या डोळ्यांना कळत नाही त्यावरून मुलाला 'जाड्या' म्हणून हिणविणे हे अज्ञानही आहे आणि हिंसाही आहे. भरल्या घरात, पाहुण्यांसमोर उच्चारलेला तो एक शब्द मुलाला मैदानावरून एकांतात आणि एकांतातून पुन्हा पडद्याकडे नेतो. ज्या रोगावर म्हणून तो शब्द वापरला जातो त्याच रोगाचे तो खतपाणी होतो.

मग जबाबदारी कोणाची? दोष आणि जबाबदारी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. दोष भूतकाळाकडे पाहतो, जबाबदारी उद्याकडे. दोष पुष्कळांत वाटला गेला आहे. परंतु जबाबदारी ज्याच्या ठिकाणी विवेक आहे त्याच्यावरच येते, आणि घरात तो मोठ्यांच्या ठिकाणी असतो, निदान असावा अशी अपेक्षा आहे. तिसऱ्या अध्यायात श्रेष्ठ मनुष्य जसे आचरण करतो तसेच इतर लोक करतात, असे सांगितले आहे. राजे, आचार्य व पुढारी यांना हा श्लोक लावण्याची प्रथा आहे. परंतु बालकाच्या जगातला श्रेष्ठ पुरुष त्याचा बाप असतो. जो बाप डाव्या हातात मोबाइल धरून उजव्या हाताने आमटीभात कालवीत मुलाला 'जेवताना पाहू नकोस' म्हणून सांगतो, त्याचे शब्द मुलाच्या कानापर्यंत पोहोचतात आणि त्याचे आचरण मुलाच्या मनापर्यंत पोहोचते.

केवळ हिसकावून घेण्याने तरी काम होते काय? आहार सोडलेल्या माणसापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मात्र मागे राहते, असे दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे. आणि त्याहून श्रेष्ठ असे काही दिसले की मगच ती गोडी जाते. तेथे श्रेष्ठ तत्त्व म्हणजे साक्षात परमात्मा अभिप्रेत आहे. मुलाच्या खेळाला ते नाव देणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि जो क्रम तेथे दाखविला आहे तो लहानमोठ्या सर्वच आसक्तींना लागू पडतो. हलकी गोडी सुटावयाची तर तिच्याहून सरस गोडी मिळावी लागते. मोबाइल काढून घेतला आणि त्या जागी काहीच दिले नाही, तर मूल हात जोडून बसलेले दिसेल, पण मनाने ते त्या पडद्याच्याच ठिकाणी असेल. इंद्रिये आवरून मनाने विषय घोळविणाऱ्याला गीतेने मिथ्याचारी म्हटले आहे. आपल्याच मुलाला त्या वाटेला लावणे हे पालकाचे यश नव्हे.

या बाबतीत सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव हे लहानसे गाव विचार करण्यासारखे आहे. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात या गावाने ठरविले की, रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजला की दीड तासपर्यंत घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद ठेवावयाचे. मुलांनी अभ्यास करावा, वाचावे आणि घरातल्यांनी एकमेकांशी बोलावे, हा त्यामागील हेतू होता. वजन कमी करण्याचा विचार त्यात नव्हता. तरी त्या नियमातील दोन गोष्टी या विषयाला लागू आहेत. पहिली ही की, नियम मुलांपुरता नव्हता. मोठ्यांनाही तोच भोंगा ऐकू येत होता. दुसरी ही की, ज्या वस्तूला स्वतःचा शेवट नाही तिला गावाने बाहेरून शेवट दिला. बंगळुरूतील चौदा मजली इमारतीत मंदिराचा भोंगा वाजणार नाही, हे खरे. तेथे प्रत्येक घराला स्वतःचे वडगाव व्हावे लागेल.

काही वाचक म्हणतील की, पडद्यात सर्वच वाईट नाही. हे म्हणणे यथार्थ आहे. बंगळुरूत वाढणाऱ्या मराठी मुलाला साताऱ्याची आजी त्याच काचेतून दिसते. मराठी गोष्ट कानावर पडण्याचे ते एक साधन आहे. गीतेचा मार्ग सर्वत्यागाचा नाही, युक्ततेचा आहे. ही युक्तता किती, हे आज अदमासाने ठरविण्याचे कारण उरलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की, दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी एक तासाहून अधिक वेळ नसावा. भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने, २०२१ च्या आपल्या सूचनांत असेच प्रमाण दिले आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दोन तासांहून कमी ही मर्यादा घातली. अगदी लहानग्यांनी अधूनमधून नातलगांना व्हिडिओवर भेटण्यास मात्र त्यांनी आडकाठी केली नाही. आजी आणि जाहिरात यांतला भेद वैद्यांनाही मान्य आहे. पाच वर्षांवरील मुलांनी रोज सरासरी एक तास दम लागेल अशी हालचाल करावी, असेही जागतिक आरोग्य संघटना सांगते.

गृहस्थाने यांतून थोडक्यात काय घ्यावे? एक नियम सर्वांत आधी घ्यावा, आणि तो घरातील सर्वांसाठी असावा: ताटापाशी पडदा नको. वरील दोन्ही प्रयोगांवरून पाहता वजनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची जागा हीच दिसते, आणि हा नियम पाळण्यास पैसा लागत नाही, मैदान लागत नाही, रजाही लागत नाही. दुसरा नियम झोपेचा. झोपण्यापूर्वी तासभर सर्व पडदे शयनगृहाबाहेर ठेवावे, मोठ्यांचेही. तिसरा नियम विहाराचा. आचार्यांनी सांगितलेला पायांनी चालण्याचा अर्थ शहरातही साधतो. बाजारातून भाजी आणण्यास मुलाला बरोबर न्यावे, सुटीच्या सकाळी लालबागेत किंवा कब्बन पार्कात सर्वांनी मिळून चालावे. आणि अन्न हे कधी लाच म्हणून व कधी शिक्षा म्हणून वापरू नये. 'गप्प बसलास तर चिप्स देईन' या वाक्याने भुकेचा आणि खाण्याचा संबंध तुटतो.

पहिले काही दिवस कठीण जातील. मूल रडेल, ताट ढकलील, अर्धपोटी उठेल. सुरुवातीस विषासारखे आणि परिणामी अमृतासारखे ते सात्त्विक सुख, व सुरुवातीस अमृतासारखे आणि परिणामी विषासारखे ते राजस, असा भेद अठराव्या अध्यायात केलेला आहे. त्या कठीण दिवसांत हा भेद मुलाला समजणार नाही. तो आईवडिलांनी स्वतःसाठी ध्यानात ठेवावा. निरोगी मूल एका वेळी थोडे कमी जेवले तर पुढच्या वेळी भूक आपले काम करते. परंतु मुलाला उपाशी ठेवणे, त्याच्यावर मोठ्यांचे पथ्य लादणे हे सर्वथा वर्ज्य समजावे. वाढत्या शरीराचे प्रश्न वैद्याला विचारावे. आणि पडद्याचे वेड साध्या उपायांच्या पलीकडे गेले असेल, तर लाज बाळगू नये. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने अशा त्रासासाठी २०१४ मध्येच स्वतंत्र उपचार केंद्र सुरू केले आहे. व्यसनाला औषध असते ही गोष्टच पुष्कळ घरांचा धीर वाढविणारी आहे.

शेवटी फलाविषयी एक शब्द. वर सांगितलेले नियम सुरू करताच पुष्कळ पालक दर आठवड्याला मुलाला वजनकाट्यावर उभे करू लागतात आणि आकडा हलला नाही की निराश होतात. मुलाची उंची वाढत असते. त्यामुळे वजन जागच्या जागी राहिले तरी पुष्कळदा तेच यश असते. कर्मावर अधिकार आहे, फलावर नाही, हा गीतेचा सिद्धांत घरातल्या वजनकाट्यालाही लागू आहे. ताटापाशी पडदा नसणे, वेळेवर दिवा मालवणे, मुलाचे बोट धरून चालणे ही कर्मे गृहस्थाच्या हाती आहेत. बीज, शरीराची घडण आणि काट्यावरचा आकडा सर्वस्वी त्याच्या हाती नाहीत. ज्या मुलाच्या वजनाची रोज मोजदाद होते त्याला आपण म्हणजे एक आकडा आहोत असे वाटू लागते. ज्याच्याबरोबर रोज कोणी जेवते त्याला आपण या घरचे आहोत असे वाटते.

जेवणाऱ्या बालकाचे मन कोठे असते, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा असे मिळते की, त्याच्या शेजारी बसलेल्यांचे मन जेथे असते तेथेच ते असते. म्हणून संयमाचा आरंभ मुलापासून करण्याची आवश्यकता नाही. मोठ्यांनी आपले मन ताटावर आणि मुलावर आणून ठेवले, तर ज्याला अजून विवेक फुटावयाचा आहे त्यालाही 'आता पुरे' हा आपल्याच पोटातून येणारा शब्द ऐकू येऊ लागेल. तो शब्द ज्याला लहानपणी ऐकू आला, त्याला मोठेपणी इतर अनेक गोष्टींतही थांबावे कोठे हे कळण्याची आशा असते.